चार पांढऱ्या, एक काळी

१

सलग सहाव्या आठवड्यात काळी गोटी शिट्ट्याच्याच हाताला लागली. तो हसला, ती सगळ्यांना दाखवली, "आलीस का गं बाई परत?" असं तिलाच विचारलं आणि तोंडाला ओलं फडकं बांधून बोळात शिरला. या खेपेला मात्र तो आपल्या पायांनी बाहेर आला नाही. पैलवानाने त्याला कमरेच्या दोरीने ओढून काढलं तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

बोळ म्हणजे काचभट्टीच्या मागचा विटांचा बोगदा. भट्टीचा धूर त्यातून धुराड्याकडे जातो आणि जाता जाता भिंतींवर काजळीची पुटं चढवतो. दर आठवड्याला सुट्टीच्या आदल्या दिवशी भट्टी मंद करायची, आणि कुणीतरी एकाने सरपटत आत जाऊन ती काजळी खरवडायची. हे काम कुणाच्याच नेमणुकीत बसत नव्हतं आणि कुणालाच ते नको होतं. आत जीव गुदमरतो, डोळे चुरचुरतात, आणि कुठल्या कोपऱ्यात वायू साचून राहिलाय ते तिथे पोचेपर्यंत कळत नाही. म्हणून पाच जणांनी मिळून ते काम नशिबावर सोपवलं होतं.

आधी त्यासाठी पत्ते होते, चार लाल आणि एक इस्पिकचा एक्का. पण एक्क्याचा कोपरा दुमडला आणि महिन्याभरात सगळ्यांची बोटं त्याला ओळखायला लागली. मग गोट्या आल्या. चार पांढऱ्या, एक काळी, जाड कापडाच्या पिशवीत. पिशवी मुकादमाने धरायची, कारण तो सोडतीत नव्हता. नियम शिट्ट्याने सुचवला होता. काढलेली गोटी दाखवायची, परत आत टाकायची आणि पिशवी पुढे जायची. काळी निघेपर्यंत ती फिरत राहायची.

"प्रत्येकाच्या हाताला तीच पाच गोट्यांची पिशवी मिळाली पाहिजे," तो म्हणाला होता. "म्हणजे आधी कोण नि नंतर कोण, यावरून डोकेफोड नको."

गोट्या बनवल्या नळीवाल्याने. लांब नळीला तोंड लावून वितळलेल्या काचेत फुंकर मारायची आणि तिच्या बरण्या करायच्या, हा त्याचा धंदा. शिट्ट्या त्याचा जोडीदार. भट्टीतून काचेचा गोळा उचलून तो नळीवाल्याच्या हाती द्यायचा आणि सारा दिवस शीळ घालत राहायचा. दोघे एकाच शाळेत शिकलेले, एकाच दिवशी कामाला लागलेले. कारखान्यात एकाला हाक मारली की दुसरा मागे बघायचा.

शिट्ट्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा नळीवाला त्याच्यासोबत गेला नाही. पाय उचलेना. तो भट्टीपाशी उभा राहिला आणि त्याचा हात खिशात गेला. खिशात एक पांढरी गोटी होती. गेले सहा आठवडे ती तिथेच होती. पिशवीत हात घालताना ती तो तळव्यात लपवायचा, बाहेर काढताना तीच दाखवायचा आणि परत टाकल्यासारखं करून पुन्हा खिशात ठेवायचा. पिशवीतल्या गोट्यांना त्याने एकदाही हात लावला नव्हता.

२

चार-पाच दिवसांनी शिट्ट्याची थोरली बहीण कारखान्यात आली. ती प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. बाहीवर खडूची भुकटी, खांद्याला भलीमोठी झोळी, आणि समोरच्याचं उत्तर चुकलं तरी न रागावता थांबून राहायची सवय. या शेवटच्या सवयीची नळीवाल्याला लहानपणापासून धास्ती होती.

"कसा आहे तो?" त्याने विचारलं. तिच्या तोंडाकडे त्याला बघवत नव्हतं.

"बोलतो. दोन वाक्यांनंतर दम लागतो. डावं फुप्फुस कामातून गेलंय. डॉक्टर म्हणतात, खराब झालेला भाग काढून टाकू. असं ऑपरेशन झालेल्या दहांपैकी आठ जण बरे होऊन घरी जातात."

"मग करा की, ताई!"

"तो सही करत नाही."

"का?"

"म्हणतो, ताई, दहा गोट्यांत आठ पांढऱ्या असल्या म्हणून काय झालं? दोन काळ्या आहेत ना? मग मला काळीच लागणार. माझा हातच तसला." तिने झोळी खाली ठेवली. "सहा वेळा सलग काळी काढलेल्या माणसाला मी आठ आणि दोन कसं समजावू? वर्गात मी हेच शिकवते रे. पिशवीत तीन लाल गोट्या, दोन निळ्या, सांगा बरं लाल निघण्याची शक्यता किती. पोरं पटापट सांगतात. माझा भाऊ ऐकत नाही."

"आणि ऑपरेशन नाही केलं तर?"

"तर दिवस फार नाहीत," ती म्हणाली. रडली नाही. रडून झालेलं दिसत होतं.

खिशातली गोटी नळीवाल्याच्या मांडीला टोचत होती, निदान त्याला तसं वाटत तरी होतं.

"त्याचं नशीब खरंच फुटकं असेल तर माझा इलाज नाही," ताई म्हणाली. "पण कुणी लबाडी केली असेल तर मला ती शोधायचीय. पोलिसांसाठी नाही. त्याच्यापुढे ठेवायला. बघ म्हणायचंय, तुझ्या हातात काही खोट नव्हती."

कारखान्यात जो तो मुकादमाकडे बोट दाखवत होता. पिशवी त्याच्या हातात, मग घोटाळा दुसरा कोण करणार? मालकाने तर चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नका, असं त्याला फर्मावलंही होतं. नळीवाला हे सगळं ऐकत होता आणि मान हलवत होता. मुकादमाच्या नावाने खडे फोडणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत बारीक होता, पण होता.

"पहिल्यांदा मुकादमांकडे जाऊ," ताई म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर. त्याचा सगळ्यांत जवळचा तूच."

३

मुकादमाच्या घरी बसायची खोली म्हणजे एक पलंग, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात नीट घडी करून ठेवलेले कामाचे कपडे. ते कपडे बघून नळीवाल्याने मान फिरवली.

"मी काही केलं नाही, बाई," मुकादम दारातूनच म्हणाला. "त्या पोराशी माझं वाकडं असण्याचं कारण काय? उलट तो शीळ घालायचा म्हणून मला दिवस गेलेला कळायचा नाही."

"पिशवी आहे तुमच्याकडे?"

मुकादमाने ती कपाटातून काढून पुढे केली. ताईने गोट्या टेबलावर ओतल्या आणि एकेक उजेडात धरली, नखाने खरवडली, गालाला लावून बघितली. पाचही सारख्या. मग तिने त्या परत आत टाकल्या, डोळे मिटले आणि पिशवीत हात घातला. काढली, दाखवली, टाकली. काढली, दाखवली, टाकली. नळीवाल्याला तिने मोजायला बसवलं होतं. पन्नास वेळा झाल्यावर ती थांबली.

"काळी किती?"

"अकरा," नळीवाला म्हणाला.

"दहाच्या आसपास यायला हवी होती. आली. पिशवीत खोट नाही, गोट्यांत नाही, आणि पिशवी नुसती धरून ठेवणाऱ्याला यात काही करता येत नाही." ती मुकादमाकडे वळली. "तुम्ही सुटलात."

मुकादम मटकन पलंगावर बसला.

"एकच सांगा. पिशवी फिरायला वेळ किती लागायचा?"

असल्या प्रश्नाची त्याला अपेक्षा नव्हती. "वेळ? बराच लागायचा बुवा. पहिल्या आठवड्यात मी उभा होतो, पायांना रग लागली. पुढे मी खुर्चीच घेऊन बसायला लागलो. फिरते आहे, फिरते आहे, काळी निघायचं नाव नाही. आणि निघाली की त्याच्याच हातात!"

ताईने डोळे बारीक केले. वर्गात कुणी वेगळंच उत्तर दिलं की ती अशी बघायची.

परतताना कारखान्याच्या फाटकाशी ती थांबली आणि म्हणाली, "गोट्या तू केल्यास ना? पाच हव्या होत्या. केल्यास किती?"

"पांढऱ्या आठ केल्या होत्या. त्यांतल्या सारख्या चार निवडायला म्हणून."

"आणि उरलेल्या चार?"

"परातीतच राहिल्या, भट्टीच्या कडेला. मग... टाकल्या असतील कुणीतरी चुऱ्यात."

खोटं होतं. त्यांतली एक त्याच्या खिशात होती. बाकीच्या तिन्हींचा विचार त्याच्या डोक्यात त्या क्षणापर्यंत एकदाही आला नव्हता.

४

दुसऱ्या दिवशी ताईने उरलेल्या तिघांना गाठलं. नळीवाला बरोबर होताच. ती त्याला सोडायला तयार नव्हती, आणि तिला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

मावशी बरण्या गवतात गुंडाळून खोक्यांत भरायची. कारखान्यातलं सगळ्यांत जुनं माणूस. गुडघे धरलेले, पण बाईमाणूस म्हणून सोडतीतून वगळायचं नाही, असा तिचा हट्ट.

"बिचारं पोर," ती डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "मी रोज त्याच्यासाठी हात जोडते गं. रात्री झोप लागत नाही."

"मावशी, सोडत चालायची तेव्हा तुम्ही काय करायचात?"

"चहा ठेवायचे. पण प्यायला कोण मिळायचं! तो गार व्हायचा, परत गरम करायचे, परत गार व्हायचा. शेवटी काढाच."

"पत्ते होते तेव्हाही असंच?"

"छे! तेव्हा चहा उकळायच्या आत काम उरकायचं."

पैलवान भट्टीत कोळसा ओढायचा. सहा फुटी गडी, पण ताईसमोर शाळेतल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा राहिला. "दोरी मीच धरली होती, बाई," तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "दोरी हलायची थांबली. मी लगेच ओढलं. लगेच. तुम्ही विचारा कुणालाही."

"तुला कुणी दोष दिलाय का?"

"नाही," पैलवान म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "बंद जागेचं मला भारी भ्या वाटतं, बाई. लहानपणापासून. एवढा मोठा देह, पण दार लावून झोपत नाही मी."

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. ताईने मान डोलावली आणि पुढे गेली.

तिसरा कविराज. बरण्यांच्या कडा घासून गुळगुळीत करायचा, आणि साधं "पाणी दे" म्हणायचं तरी त्याला यमक लागायचं. त्या दिवशी मात्र त्याला यमक सुचत नव्हतं. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

"नशीब हो, बाई," तो म्हणाला. "दुसरं काय? कुणाच्या वाट्याला फुलं, कुणाच्या..." आणि पुढचं त्याला सुचेना.

"किती फेऱ्या व्हायच्या पिशवीच्या?"

"कधी तीन, कधी सात. एकदा तर नऊ झाल्या. मी शिट्ट्याला म्हटलं, हिला तुझ्याशिवाय कुणी आवडतच नाही." कविराज स्वतःच दचकला. "थट्टेत म्हटलं. आपली थट्टा."

संध्याकाळी ताई काचेच्या चुऱ्याच्या ढिगाऱ्याभोवती फिरत होती. फुटक्या बरण्या, तुकडे, रंगीत कपच्या, सगळं तिथे टाकायचं आणि पुन्हा वितळवायचं. नळीवाला लांबून बघत होता. आता आपली गोटी तिथे टाकून मोकळं व्हावं, असं त्याला दहादा वाटलं, आणि प्रत्येक वेळी धीर झाला नाही. ती एकाएकी वाकली. काहीतरी उचलून तिने पदराला पुसलं आणि सरळ त्याच्याकडे चालत आली.

तिच्या तळहातावर एक पांढरी गोटी होती.

"ही कुणाची?" तिने विचारलं.

संपलं सगळं, असं त्याच्या मनात आलं. सापडलो. त्याचा हात आपसूक खिशात गेला आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्याची गोटी खिशातच होती.

५

त्या रात्री त्याने छताकडे बघत विचार केला. बायकोने दोनदा विचारलं, त्याने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

गोटी त्याने का लपवली होती? कारण साधं होतं, आणि तेव्हा ते पापासारखं वाटलंही नव्हतं. नळीवाल्याचं सगळं भांडवल म्हणजे त्याची छाती. एकदा बोळातला वायू नीट भिनला की फुंकर संपली, आणि फुंकर संपली की नळीवाला संपला. आपण एकट्याने अंग काढून घेतलं तर बाकीच्यांवर कितीसा बोजा येतो? पाचात एक होतं ते चारात एक झालं. एवढासा फरक, तोही चौघांत वाटलेला. असा हिशेब त्याने केला होता, आणि दर आठवड्याला पिशवीतून हात काढताना तोच हिशेब मनात घोकला होता.

पहिल्या दोन आठवड्यांत काळी शिट्ट्याला लागली तेव्हा त्याला वाईट वाटलं. तिसऱ्यांदा लागली तेव्हा भीती वाटली. चौथ्या वेळी त्याने ठरवलं, पुढच्या खेपेला खरा हात घालायचा. पाचव्या वेळी पिशवी समोर आली आणि गोटी पुन्हा तळव्यातच राहिली. सहाव्या वेळी तर त्याने काही ठरवलंही नाही.

सहाही आठवडे हे आपल्या एकट्याचं पाप आहे, असं तो धरून चालला होता. मग ढिगाऱ्यातली ती गोटी कुणाची?

६

सुट्टीच्या दिवशी ताईने सगळ्यांना मावशीच्या खोकी भरायच्या खोलीत बोलावलं. मुकादमही आला, दाराशी उभा राहिला. टेबलावर तिने झोळीतले पाच पत्ते पालथे मांडले.

"हे पाच पत्ते म्हणजे तुम्ही पाच जण," ती म्हणाली. "मधला माझ्या भावाचा. मावशी, तुमच्यापुढे तुमचा. पैलवान, कविराज, हे तुमचे. आणि हा तुझा."

नळीवाल्याने आपल्या पत्त्याकडे बघितलं.

"सहा वेळा सलग माझ्या भावालाच काळी. पाचही हात खरे असतील तर असं किती वेळा घडेल? पाच गुणिले पाच, असं करत सहा वेळा पाच मांडा. ढोबळमानाने पंधरा हजार सहाशे पंचवीसांत एकदा."

"पण घडू शकतं ना?" कविराज घाईने म्हणाला.

"घडू शकतं. दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. मुकादमांना मालकाने घरी बसवलं तेही नुसत्या याच आकड्यावरून, आणि ते चुकलं. म्हणून मी काळी कुणाला लागली हे विचारायचं सोडून दिलं आणि वेळ किती लागला ते विचारत बसले. पाच खरे हात पिशवीत गेले, तर तीनातल्या दोन वेळा काळी पहिल्याच फेरीत निघते. इथे नऊ नऊ फेऱ्या झाल्या. मावशींचा चहा गार झाला, मुकादमांनी खुर्ची आणली. सगळेच आठवडे असे. याचा अर्थ एकच. पिशवीत हात पाच जात होते, पण गोटी काढणारे हात पाच नव्हते."

तिने मधल्या पत्त्यावर बोट टेकवलं.

"काढलेली गोटी बाहेर ठेवायचा नियम असता तर पहिल्याच आठवड्यात हे उघडं पडलं असतं. पाच जणांनी गोट्या काढूनही पिशवीत गोट्या उरल्या असत्या. परत टाकायचा नियम माझ्या भावाने केला. कुणावर अन्याय नको म्हणून." तिने ढिगाऱ्यातली गोटी टेबलावर ठेवली. "कुणी तोंडाने काही बोलायला नको. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. ज्याने हातात गोटी लपवून पिशवीत हात घातला, त्याने आपला पत्ता उचलावा. माझा भाऊ तिकडे मरायला टेकलाय. एवढं तरी करा."

ती वळली. मुकादमानेही तोंड फिरवलं.

नळीवाल्याला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. सगळे बघतील, थुंकतील, थुंकू देत. त्याने डोळे मिटून हात पुढे केला, पत्ता उचलला आणि डोळे उघडले.

टेबलावर चार हात होते.

मावशीचा सुरकुतलेला, पैलवानाचा काळाकभिन्न, कविराजाचा खरचटलेला, आणि त्याचा. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. ताई वळली तेव्हा टेबलावर एकच पत्ता उरला होता.

"तू पण?" कविराज पैलवानाला म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क हसू होतं. "मावशी, तुम्ही? अहो, मला वाटत होतं मी एकटाच... महिनाभर घास उतरत नाहीये माझा!"

"परातीत पडल्या होत्या," मावशी हुंदके देत म्हणाली. "म्हटलं, एक माझी. गुडघे वाकत नाहीत रे. तुमच्या चौघांत भागेल म्हटलं."

"ढिगाऱ्यातली माझी," पैलवान पुटपुटला. "त्याला ओढून काढलं आणि फेकून दिली."

नळीवाल्याच्या छातीवरचा दगड हलला. चौघे होतो तर! म्हणजे आपण पाव भागाचेच गुन्हेगार. त्याने खोल श्वास घेतला. आपल्याला बरं वाटतंय, हे त्याला कळलं आणि तरीही बरं वाटत राहिलं.

ताई ते बघत होती. बहुतेक तिला हेच अपेक्षित होतं.

"वाटून घेताय का?" ती शांतपणे म्हणाली. "मग मांडणीही पुरी करा. एकच लबाड असता, तर सहाही वेळा काळी माझ्या भावाला लागणं म्हणजे चार हजार शहाण्णवांत एकदा. दोघे असते तर सातशे एकोणतीसांत. तिघे असते तर चौसष्टांत एकदा. चौघे, म्हणून ते शंभर टक्के. तिथे शक्यता उरलीच नाही. सोडत नव्हती ती. दर आठवड्याला तुम्ही त्याचं नाव पुकारत होता आणि मध्ये उगीच पिशवी फिरवत होता."

"आम्हाला एकमेकांचं माहीत नव्हतं हो, बाई!" कविराज कळवळला.

"माहीत नव्हतं, मान्य. पण चौसष्टांत एक म्हणजे काय ते कळलं का? तुमच्यापैकी फक्त एकाने खरा हात घातला असता, कुणीही, तर माझ्या भावावरचा धोका निम्मा झाला असता. सहाही वेळा त्याच्यावरच आली नसती, जवळजवळ नक्कीच. तो एक जण मावशी होऊ शकल्या असत्या, पैलवान होऊ शकला असता." ती नळीवाल्याकडे वळली. "तू होऊ शकला असतास. म्हणून हे चौघांत वाटलं जात नाही. प्रत्येकाच्या वाट्याला सगळंच्या सगळं येतं."

कविराजाचं हसू मावळलं. नळीवाल्याने पत्ता खाली ठेवला. पाव भाग कुठल्या कुठे गेला होता, आणि जे उरलं ते आधीपेक्षा जड होतं.

"मालकाला मुकादमांबद्दल खरं काय ते तुम्ही सांगा," ताई म्हणाली. "आणि एकाने माझ्याबरोबर दवाखान्यात या. मी काल त्याला म्हटलं, अरे, मला वाटतं यांनी लबाडी केली. तो म्हणाला, ताई, माझं समाधान करायला तू काहीही बोलशील, पण माझी माणसं तशी नाहीत. माझ्या तोंडून त्याला पटणार नाही."

तिघांनी माना खाली घातल्या. नळीवाला उठला.

७

शिट्ट्या उशांना टेकून बसला होता. गाल बसलेले, नाकाला नळी. नळीवाल्याला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि ते नळीवाल्याला सोसवलं नाही.

"आलास... होय! म्हटलं, विसरला... हा." बोलताना त्याला मध्येच श्वास घ्यावा लागत होता. "ताई, बघ. कागद... पुढे करू नको. दहातले आठ... असतील. माझ्या हाताला—"

"तुझ्या हातात काही खोट नाही," नळीवाला म्हणाला.

त्याने खिशातून गोटी काढली आणि चादरीवर ठेवली. वाटेत जे बोलायचं म्हणून जुळवलं होतं ते सगळं विसरलं होतं. मग त्याने नुसतं करूनच दाखवलं. गोटी तळव्यात धरली, हात उशीखाली घातला, बाहेर काढला, पांढरी गोटी दाखवली, पुन्हा हात आत आणि गोटी तळव्यात तशीच.

शिट्ट्या बघत राहिला. "कोणी... केलं असं?"

"सगळ्यांनी. मावशी, पैलवान, कविराज. काळी काढू शकणारा तू एकटाच होतास. नशिबाचा काही संबंध नव्हता."

"आणि... तू?"

"मीही. पहिल्या आठवड्यापासून."

ताई खिडकीशी उभी होती. ती मध्ये पडली नाही.

"पिशवी तुझ्याकडे... गेली की," शिट्ट्या म्हणाला, "मी मनात म्हणायचो... ह्याला नको लागू दे. ह्याचं पोट... छातीवर आहे. दर वेळी म्हणायचो. तुला पांढरी आली की... बरं वाटायचं मला."

नळीवाल्याला वाटलं, याने शिव्या द्यायला हव्या होत्या. शिव्या पेलल्या असत्या. तो पलंगाच्या कडेला धरून उभा राहिला आणि ढसाढसा रडला. शिट्ट्याने त्याला थांबवलं नाही. गप्प बस असंही म्हणाला नाही. गोटी उचलून त्याने उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली आणि बाजूच्या टेबलावर ठेवून दिली.

"ताई. दहातले आठ?"

"दहातले आठ. पिशवी मी तपासलेली आहे."

"सही... कुठे करायची?"

कागद पुढे आला. सही त्याने सावकाश केली, अक्षर नीट आलं. पेन खाली ठेवून त्याने नळीवाल्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आता मघाचा उजेड नव्हता.

"आत्ता... हात उचलवत नाही माझा," तो म्हणाला. "नाहीतर तुझ्या कानाखाली... अशी वाजवली असती..."

"वाजव. बरा हो आणि वाजव."

"होणारच. त्यासाठी तरी. तू बाहेर... बस. पळून... जाऊ नको."

ऑपरेशनच्या दिवशी नळीवाला पहाटेपासून बाहेरच्या बाकड्यावर होता. शिट्ट्याला ढकलगाडीवरून नेताना त्याने एकदा वळून बघितलं, नळीवाला बसलाय ना याची खात्री केली आणि मान फिरवली. दार बंद झालं. ताई शेजारी येऊन बसली, पण दोघांमध्ये एका माणसाची जागा ठेवून. नळीवाल्याने दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. जन्मात पहिल्यांदाच तो कुणाचा तरी मार खायला मिळावा म्हणून मनापासून वाट बघत बसला.